स्टील कट ओट्स: सकाळच्या घाईत सोप्यात सोपं कसं शिजवायचं?

रानजाई

स्टील कट ओट्स आता कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळायला लागलेत. पण पाकिटाच्या मागे लिहिलेलं असतं की २५ ते ३० मिनिटं मंद आचेवर अधूनमधून ढवळत शिजवा. सकाळी डबे, चहा, आंघोळी सांभाळून अर्धा तास एका पातेल्यापाशी उभं राहणं नोकरीच्या घरात जमत नाही. म्हणून हा धागा.

आधीच सांगते, चपट्या पोह्यासारख्या ओट्सबद्दल विचारत नाहीये. ते पाच मिनिटांत होतात. हे म्हणजे सोललेल्या ओटच्या दाण्याचे पोलादी पात्यांनी केलेले दोन-तीन तुकडे. दिसायला जाडसर कणीसारखे, आणि शिजल्यावरही दाताखाली लागणारे. तेच हवेत.

परिस्थिती अशी: चार माणसं, दोन शेगड्या, ५ लिटरचा एक कुकर, वेळ पावणेसात ते साडेसात. गोड आणि तिखट दोन्ही चालतं. सर्वात कमी लक्ष देऊन, न करपता, न उतू जाता, रोज सारखे कसे शिजवायचे? प्रमाण आणि वेळ सांगाल तर जास्त उपयोग होईल. "अंदाजाने पाणी घाला" असं कृपया नको.

तिखटमीठ

रात्री झोपताना ४ कप पाणी उकळायचं, १ कप ओट्स टाकून एक मिनिट खळखळू द्यायचं, गॅस बंद, झाकण. सकाळी ७-८ मिनिटं गरम केलं की तयार. यापेक्षा सोपं काही नाही.

मोजमाप

आधी मूळ पद्धत पक्की करू. ती कळली की बाकीच्या पद्धतींत कुठे काय बदलतं ते समजतं.

१ कप म्हणजे २४० मिलीचा मापाचा कप धरतोय. त्यात स्टील कट ओट्स साधारण १७५ ग्रॅम बसतात. एका माणसाला न्याहारीला पाव कप, म्हणजे ४० ते ४५ ग्रॅम कोरडे ओट्स पुरतात. म्हणजे रानजाई, तुमच्या घरासाठी १ कप बरोबर आहे. घरातली आमटीची वाटी सहसा १५० मिलीच्या आसपास असते, तिने मोजणार असाल तर दीड वाटी घ्या. पाणीही त्याच वाटीने मोजायचं, म्हणजे प्रमाण चुकत नाही.

उघड्या पातेल्यात प्रमाण १ ला ४. पाणी आधी खळखळून उकळू द्या, चिमूटभर जास्तच मीठ घाला आणि मग ओट्स भुरभुरत सोडा. गार पाण्यात टाकून गरम करत नेले की दाणे तळाला बसतात आणि पहिल्या दहा मिनिटांतच बुडाला लागतात. दोन मिनिटं उकळी, मग सर्वात छोट्या बर्नरवर मंद आच, झाकण अर्धवट. पहिली पंधरा मिनिटं दर पाच मिनिटांनी तळापासून एकदा ढवळलं तरी पुरतं. शेवटच्या दहा मिनिटांत मात्र जास्त वेळा, कारण तोवर पिष्ट (स्टार्च) बाहेर येऊन पाणी दाट झालेलं असतं आणि दाट पदार्थ करपतो. एकूण २० ते २५ मिनिटं. गॅस बंद केल्यावर ५ मिनिटं झाकून ठेवा. पातेल्यात पातळ वाटलं तरी त्या पाच मिनिटांत चांगलंच आळतं. म्हणून हवं त्यापेक्षा थोडं सैल असतानाच उतरवायचं.

पातेलं जाड बुडाचं हवं. पातळ स्टीलचं असेल तर खाली तवा ठेवा.

सांडगा

ढवळण्याबद्दल थोडी भर. जितकं जास्त ढवळाल तितकं पिष्ट सुटून खीर-पेजेसारखं मऊ होतं. कमी ढवळलं तर दाणा वेगळा राहतो. म्हणजे हा आळसाचा नाही, आवडीचा प्रश्न आहे. उपमा करायचा असेल तर मुळीच ढवळू नका.

हिरवा_चाफा

तिखटमीठ, तुमची रात्रीची पद्धत थंड देशांतल्या स्वयंपाकघरांतून आली आहे. तिथे हिवाळ्यात ओटा १५ अंशांवर असतो. मुंबईत मे महिन्यात रात्रीही स्वयंपाकघर २८-३० अंशांवर असतं. धान्यात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते उकळीने मरत नाहीत. शिजलेलं ओलं धान्य ५ ते ६० अंशांच्या दरम्यान तासन्‌तास राहिलं की ते रुजतात, वाढतात आणि त्यांतले काही असं विष तयार करतात की जे सकाळी पुन्हा उकळूनही जात नाही. रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताने उलट्या होतात त्याचं कारण हेच.

पद्धत मोडीत काढायची गरज नाही, दोन बदल करा. एक तर न शिजवता भिजवा: १ कप ओट्स, ३ कप गार पाणी, झाकण, थेट फ्रीजमध्ये. सकाळी त्याच पाण्यासकट आणखी अर्धा ते पाऊण कप पाणी घालून १० ते १२ मिनिटांत शिजतात. नाहीतर रात्री पूर्ण शिजवून परातीत पसरून पटकन गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. उकळून ओट्यावर झाकून ठेवणं तेवढं टाळा.

तिखटमीठ

पटलं. फ्रीजमध्ये भिजवण्याची पद्धत चांगली आहे. त्यात ओट्स आधी धुवायचे का?

हिरवा_चाफा

मऊसर हवे असतील तर गरज नाही. कारखान्यात दाणे वाफवून सुकवलेले असतात. ओटमध्ये चरबी गहू-तांदळापेक्षा बरीच जास्त, ६-७ टक्क्यांच्या आसपास, आणि ती खवट करणारं विकर (एन्झाइम) दाण्यातच असतं. ते निकामी करायला वाफ द्यावी लागते. मोकळे हवे असतील तर चाळणीत एकदा धुवा, वरचं पीठ निघून जातं.

डेन्व्हरवासी

इकडे इलेक्ट्रिक कुकर म्हणजे इन्स्टंट पॉट घरोघरी आहे, त्याचं गणित देतो. १ कप ओट्स, ३ कप पाणी, चमचाभर तूप, मीठ. हाय प्रेशरला ४ मिनिटं. मग वाफ आपोआप जिरू द्यायची, १५ ते २० मिनिटं. दाब धरायला ८-१० मिनिटं लागतात, म्हणजे एकूण अर्धा तासच होतो, पण त्यातला एक मिनिटही उभं राहावं लागत नाही. झाकण उघडलं की वर पाणी आणि खाली दाणे दिसतात. बिघडलेलं नसतं, नीट ढवळून पाच मिनिटं ठेवलं की एकजीव होतं.

झडप हाताने उघडून वाफ सोडू नका. दाब एकदम उतरला की आतलं पाणी उसळून उकळतं आणि चिकट फेस झडपेतून कट्ट्यावर येतो.

आणि उंचीचा मुद्दा. डेन्व्हर १६०० मीटरवर आहे, पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यात इथे २५ ऐवजी ३५ मिनिटं लागतात आणि पाणीही अर्धा कप जास्त. महाबळेश्वर-पाचगणीला राहणाऱ्यांनी हेच धरून चालावं. कुकरमध्ये हा फरक कमी होतो.

पाटा_वरवंटा

इन्स्टंट पॉटचं ठीक आहे, पण धागाकर्तीकडे साधा शिट्टीचा कुकर आहे, तर त्याबद्दल सविस्तर.

ओट्स थेट कुकरच्या तळात घालायचे की आतल्या भांड्यात, हा खरा प्रश्न आहे. थेट घातले तर दोन अडचणी. पहिली फेसाची. ओटच्या पाण्याला बीटा-ग्लुकान या विरघळणाऱ्या तंतूमुळे बुळबुळीतपणा असतो, त्याचा फेस तुरीच्या डाळीपेक्षाही चिवट. शिट्टी झाली की तो नळीतून वर येतो, वजनाखाली सुकतो आणि नळी बुजवतो. नळी बुजली की दाब सेफ्टी व्हॉल्व्हवर जातो. दुसरी अडचण तळाची. पिष्ट तळाला बसून करपतं आणि झाकण बंद असल्यामुळे वास येईपर्यंत कळत नाही.

तरीही थेटच करायचे असतील तर: ३ लिटरच्या कुकरमध्ये अर्धा कप ओट्स, पावणेदोन कप उकळतं पाणी, १ चमचा तूप. कुकर एक तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही. मध्यम आचेवर पहिली शिट्टी येऊ लागली की आच अगदी मंद, ५ मिनिटं, बंद. वाफ पूर्ण जिरू द्या. नंतर झाकणाची नळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का बघा, नसेल तर पिनेने मोकळी करा. गॅसकेट काढून धुवा, त्याच्या खोबणीत चिकट थर बसतो.

आतल्या भांड्याची पद्धत मात्र मी डोळे मिटून सुचवेन. कुकरमध्ये दोन कप पाणी, खाली जाळी. पावणेदोन-दोन लिटरचं भांडं घ्या, त्यात १ कप ओट्स, ३ कप पाणी, पाव चमचा मीठ, १ चमचा तूप. भांडं अर्ध्याच्या आतबाहेर भरलेलं हवं, वर निम्मी जागा मोकळी. ती फेसासाठी. वर ताटली. मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग मंद करून १० मिनिटं, बंद. वाफ जिरायला १२ ते १५ मिनिटं. या वेळात दाणे आतल्या उष्णतेवर शिजत राहतात, म्हणून घाई करून वजन उचलू नका. करपण्याचा प्रश्नच येत नाही, कारण भांड्याच्या तळाखाली पाणी आहे, ज्वाला नाही.

पाणी इथे १ ला ३ का? बंद भांड्यातून वाफ होऊन फारसं जात नाही. १ ला ४ घेतलंत तर पेज होते.

डोंबिवली_फास्ट

शिट्ट्या किती, ते सांगा की. घरात सगळे शिट्ट्याच मोजतात, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो.

पाटा_वरवंटा

म्हणूनच शिट्ट्या सांगितल्या नाहीत :) मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात, मध्यम आचेवर बारा मिनिटांत. शिट्टी म्हणजे जास्तीचा दाब बाहेर पडला, एवढंच. दाणा शिजतो तो साधारण १२० अंशांवर किती मिनिटं राहिला त्यावर. पहिली शिट्टी ते गॅस बंद करणं यातली मिनिटं मोजा, रोज सारखा निकाल येईल. शिट्ट्याच हव्या असतील तर मध्यम आचेवर तीन.

कोकमसार

फ्रीजमध्ये भिजवणं आणि कुकरचं भांडं एकत्र करा. भांड्यातच रात्री ओट्स-पाणी घालून फ्रीजमध्ये ठेवायचं, सकाळी तेच भांडं कुकरमध्ये. भिजलेल्या दाण्याला पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर ५-६ मिनिटं पुरतात. भांडं फ्रीजमधून गारठलेलं निघतं, म्हणून कुकरच्या तळात उकळतं पाणी घाला, म्हणजे वाफ लवकर धरते.

मोजमाप

कोकमसार, अनुमोदन. फक्त भिजवलेल्यांना पाणी १ ला पावणेतीन ठेवा, दाणे जास्त मऊ होतात आणि वर पाणी सुटल्यासारखं दिसतं.

उन्हाळी_वाळवण

कुकर रिकामा नसेल तर थर्मास. रुंद तोंडाचा, ६०० मिलीच्या आसपासचा स्टीलचा फ्लास्क घ्यायचा, चहाचा अरुंद तोंडाचा नको, त्यातून ओट्स काढायला चमचा जात नाही. फ्लास्कमध्ये आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा आणि ओतून टाका. ही पायरी गाळली तर थंड स्टीलच बरीच उष्णता खाऊन टाकतं. पातेल्यात अर्धा कप ओट्स आणि २ कप पाणी ३ मिनिटं खळखळून उकळा, उकळतं असतानाच फ्लास्कमध्ये ओता, घट्ट झाकण. ६ ते ७ तासांत शिजतं. दोघांचं होतं.

फ्लास्क जवळजवळ भरलेला हवा, फक्त दोन बोटं जागा. अर्धा रिकामा फ्लास्क लवकर गार होतो. दाणे फुगले तरी उतू जात नाही, कारण ते पाणीच आत घेतात, एकूण आकारमान वाढत नाही.

हिरवा_चाफा

फ्लास्कला माझा आक्षेप नाही, पण एका अटीवर: सकाळी उघडल्यावर आतलं ६० अंशांच्या वर असायला हवं. स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर घालून एकदा तपासा. जुन्या फ्लास्कची निर्वात पोकळी गेलेली असेल तर बाहेरून हात लावला की कोमट लागतो. असा फ्लास्क यासाठी वापरू नका.

पेठेतला_वाचक

एक वेगळं मत मांडतो. एवढा खटाटोप कशासाठी? चपटे ओट्स, म्हणजे जाड रोल्ड, आणि स्टील कट हे दोन्ही पूर्ण दाण्याचेच आहेत. प्रथिनं, तंतू, बीटा-ग्लुकान यांत म्हणण्यासारखा फरक नाही. ४० ग्रॅमला दोन्हीत दीडशेच्या आसपास कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिनं, ४ ग्रॅम तंतू. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये कोलेस्टेरॉलसंबंधी दाव्याला परवानगी दिली तीही ओट्समधल्या बीटा-ग्लुकानला, रोज ३ ग्रॅम या प्रमाणाला. स्टील कटला वेगळी नाही. आणि ३ ग्रॅमसाठी साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात, एक वाडगा पुरत नाही.

सांडगा

घटक सारखे, पचण्याचा वेग वेगळा. स्टील कटचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने वाढते त्याचा आकडा, पन्नाशीच्या मध्यावर, झटपट पाकिटातल्या बारीक ओट्सचा ८० च्या आसपास. जाड रोल्डचा स्टील कटपासून फार लांब नाही, हे तुमचं बरोबर. पण दाताखाली लागणारा दाणा हेही कारण आहेच, आणि मला ते पुरेसं वाटतं. रोल्डचा उपमा दहा मिनिटांत गिच्च होतो. स्टील कटचा डब्यात दुपारपर्यंत मोकळा राहतो.

पेठेतला_वाचक

डब्याचा मुद्दा मान्य. मधुमेहासाठी घेणाऱ्यांनी वर गूळ, खजूर आणि केळं घालून मग ग्लायसेमिक इंडेक्सची चर्चा करू नये, एवढंच म्हणतो.

काळी_आई

दाताखाली लागणारा दाणाच हवा असेल तर आपल्या ज्वारीच्या कण्या काय वाईट आहेत? जात्यावर भरडून, पाखडून, ताकात शिजवलेल्या कण्या. कृती अगदी हीच: भिजवा, मंद शिजवा, झाकून मुरू द्या. किंमत निम्म्याहूनही कमी.

मोजमाप

कण्या उत्तम, पण अदलाबदल करताना वेळ बदला. ज्वारीची कणी कोरडी राहते, ओटची बुळबुळीत होते. कण्यांना कुकरच्या भांड्यात १ ला ४ पाणी आणि मंद आचेवर १५ मिनिटं. गव्हाचा दलिया उलट लवकर शिजतो, १ ला ३ आणि ६-७ मिनिटं. तिन्ही एका भांड्यात मिसळून शिजवू नका, एक कच्चं राहील आणि एकाचा लगदा होईल.

काळी_आई

आपल्याकडे ओट पिकतो ना पण? रब्बीत चाऱ्याला घेतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले हरिता हा वाण चाऱ्याचाच आहे. त्याचेच दाणे घरी भरडले तर?

पाटा_वरवंटा

नका करू. ओटच्या दाण्याला टरफल घट्ट चिकटलेलं असतं, गव्हासारखं मळणीत सुटत नाही. कारखान्यात दाणे वेगाने आपटून टरफल उडवतात. जात्यात भरडलं तर टरफलाचे कुसळासारखे तुकडे पिठात राहतात, ते घशाला टोचतात. वर वाफ दिलेली नसल्याने भरड काही दिवसांत कडू होते. शिवाय चाऱ्याच्या बियाण्याला औषध लावलेलं असू शकतं, ते खायचं नाहीच.

जायफळ

गोडाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. दूध कधीही कुकरमध्ये किंवा सुरुवातीला घालू नका. दुधात दाणा हळू शिजतो आणि दूध तळाला धरतं. पाण्यात पूर्ण शिजवून घ्या. मग शिजलेल्या १ कपाला पाऊण कप दूध घालून मंद आचेवर ५-६ मिनिटं. वेलची, जायफळ, खारकेची पूड याच वेळी. गूळ मात्र गॅस बंद करून, पाच-सात मिनिटांनी, वाफ ओसरल्यावर. उकळत्या दुधात गूळ टाकला की फाटण्याची शक्यता असते, आपल्या सगळ्या खिरींना लागू असलेला नियम इथेही आहे. चार माणसांना ५०-६० ग्रॅम गूळ पुरतो.

भाजण्याबद्दलही. चमचाभर तुपात मंद आचेवर ४ मिनिटं ओट्स भाजा, खमंग वास सुटला आणि कडा किंचित तांबूस झाल्या की पुरे. पुढे रंग गेला तर कडवट लागतात. आठवड्याचे एकदम कोरडे भाजून बरणीत ठेवले तर रोजचं काम वाचतं. भाजलेले दाणे कमी चिकट होतात, पण शिजायला २-३ मिनिटं जास्त घेतात.

तिखटमीठ

तिखटाचं मी सांगते. मोकळा उपमा हवा असेल तर भातासारखं भरपूर पाण्यात उकळून निथळणं सर्वात खात्रीचं. १ कप भाजलेले ओट्स, ७ कप खळखळतं मिठाचं पाणी, १५ मिनिटं, मध्ये एखादा दाणा दाबून बघायचा: बाहेरून मऊ, आत बारीक पांढरा ठिपका दिसला की लगेच चाळणीत. ताटात पसरून पाच मिनिटं वाफ जाऊ द्या. मग नेहमीची फोडणी, कांदा, मटार, हिरवी मिरची, त्यात ओट्स परतून एक वाफ. लिंबू शेवटी.

सांडगा

निथळलेलं पाणी फेकू नका, विरघळणारे तंतू त्यातच उतरतात. त्याचं सार किंवा कढी करा. पीठ न लावताही दाटपणा येतो, आणि दुसऱ्या उकळीला फुटत नाही.

कोकमसार

खिचडीला निथळायची गरजच नाही. १ कप ओट्स, अर्धा कप मुगाची डाळ, साडेचार कप पाणी, कुकरच्या आतल्या भांड्यात, मंद आचेवर १२ मिनिटं. फोडणी वरून. एवढ्याला भांडं मात्र अडीच-तीन लिटरचं घ्या, डाळीचाही फेस येतो.

डेन्व्हरवासी

विषय निघालाच आहे तर: स्कॉटलंडमध्ये कारब्रिज नावाच्या गावात १९९४ पासून पॉरिज, म्हणजे ओट्सची पेज, शिजवण्याची जागतिक स्पर्धा होते. बक्षीस म्हणजे सोनेरी स्पर्टल. स्पर्टल म्हणजे आपल्या लाटण्याच्या बारीक टोकासारखी लाकडी काठी, पॉरिज ढवळायची. मुख्य स्पर्धेत फक्त तीन गोष्टी चालतात: ओटमील, पाणी, मीठ. दूध-साखर नाही. चव भिजवणं, आच आणि मिठाची वेळ यांतूनच काढायची. घरी काठी वापरून बघण्यासारखी आहे, पळीत ओट्स अडकतात तसे काठीला अडकत नाहीत. रवीची उलटी बाजू चालेल.

डोंबिवली_फास्ट

मायक्रोवेव्हचं काय?

उन्हाळी_वाळवण

एका माणसाचं होतं. पाव कप ओट्स, १ कप पाणी, पण वाडगा २ लिटरचा. पूर्ण शक्तीवर उकळी येईपर्यंत, मग ५० टक्क्यांवर १२ ते १५ मिनिटं, मध्ये दोनदा ढवळून. छोटा वाडगा घेतला तर निम्मे ओट्स काचेच्या ताटलीवर सापडतील. चारजणांसाठी हा मार्ग नाही.

जायफळ

एकदम करून ठेवायचं असेल तर: शिजलेले ओट्स पसरून गार करून बंद डब्यात फ्रीजमध्ये ३-४ दिवस. फ्रीझरमध्ये वाटीच्या मापाने गोठवून, मग काढून पिशवीत घातले तर दोन-तीन महिने. गार झाल्यावर वडीसारखे घट्ट होतात, त्यात बिघडण्यासारखं काही नाही. १ कपाला पाव कप पाणी किंवा दूध घालून आधी डावाने फोडा, मग गरम करा. कोरडेच गरम केले तर कडा वाळतात आणि मधला भाग गार राहतो.

आणि कोरडे ओट्स पावसाळ्यात उघड्या पाकिटात ठेवू नका. घट्ट बरणी, शक्यतो फ्रीज. जुन्या तेलासारखा वास आला तर फेकाच, फोडणीने तो वास झाकला जात नाही.

कोकमसार

उरलेल्या घट्ट ओट्सचा दहीभात. दीड कप ओट्स, पाव कप दूध घालून मोकळे करा, पाऊण कप दही, मीठ, वर हिंग-जिरं-कढीपत्ता आणि सांडगी मिरचीची फोडणी. ओट्स पाणी ओढत राहतात, म्हणून डब्यात देताना हवं त्यापेक्षा सैल ठेवा. ओट्स पूर्ण गार झाल्यावरच दही घाला.

रानजाई

सगळ्यांचे आभार. माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. सकाळी कुकर डाळ-भातासाठी लागतोच, तो ओट्ससाठी अडवून ठेवता येत नाही. दोन वेळा कुकर लावायला वेळ नाही. मग भिजवून पातेल्यात १२ मिनिटं, की फ्लास्क?

पाटा_वरवंटा

दोन्ही नको. कुकर लावणारच आहात तर ओट्स त्यातच जाऊ देत. यात गॅसही जास्त लागत नाही आणि वेळही. उंच कुकर असेल तर खाली तूरडाळ, मध्ये तांदूळ, वर ओट्स. ओट्स वरच, कारण फेस आलाच तर तो बाहेरून ओघळून तळातल्या पाण्यात जातो आणि ते पाणी तसंही टाकायचंच असतं. खाली ठेवले तर वरच्या भांड्याच्या वजनाने झाकण दबतं आणि फेस आजूबाजूला पसरतो. तूरडाळीला मंद आचेवर १२-१५ मिनिटं लागतातच, तेवढ्यात न भिजवलेले ओट्सही व्यवस्थित शिजतात. तेव्हा रात्री भिजवूही नका, नाहीतर जास्त मऊ होतील.

मोजमाप

५ लिटरमध्ये तीन भांडी बसतील का, ते आधी रिकामी ठेवून बघा. बहुतेक कुकरांची तीन चपटी भांडी एकावर एक बसतात, पण त्यांत चारजणांचे ओट्स आणि वर निम्मी मोकळी जागा हे जमणार नाही. ओट्सला उंच भांडं लागेल, मग दोनच बसतील. अशा वेळी डाळ खाली, ओट्स वर, आणि भात बाजूच्या शेगडीवर मोकळा शिजवा, तो १५ मिनिटांत होतो.

रानजाई

आमच्या कुकरचं झाकण आत बसणारं आहे, त्यामुळे उंची आणखी कमी. दोनच भांडी, हे बरोबर. ओट्स पाऊण कप केले तर?

मोजमाप

पाऊण कपाला सव्वादोन कप पाणी. दीड लिटरचं भांडं पुरेल. कमी पडतील असं वाटलं तर वरून दूध जास्त घाला, चारजणांचं निभेल.

पाटा_वरवंटा

आत बसणारं झाकण असेल तर वरच्या ताटलीची मूठ झाकणाला टेकत नाही ना ते बघा, सपाट ताटलीच वापरा. आणि भांड्याच्या कडेला आतून बोटभर रुंदीचा तुपाचा हात फिरवा, फेस तिथवर येऊन थांबतो.

रानजाई

सपाट ताटली आहे. उद्या डाळीसोबत वर लावते. तांदूळ आज रात्रीच निवडून ठेवते.

जायफळ

पहिल्या दिवशी ओट्सचं भांडं बाहेर काढलं की लगेच ढवळा आणि झाकून पाच मिनिटं ठेवा. वर पाणी दिसेल, पण ते ओतून टाकू नका.